बर्फातून हिंदुस्थानची वाट: वायव्य आणि ईशान्य सागरी मार्गांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या नकाशात जगाचा माथा पांढरा रंगवलेला असायचा आणि त्यावर डेव्हिस, बॅफिन, हडसन, बॅरेंट्स अशी नावे असायची. ही माणसे त्या थंडीत कशाला तडफडायला गेली होती, हा प्रश्न मला बराच उशिरा पडला. थोडक्यात उत्तर असे: आपल्याकडे यायला. निदान आपल्या शेजारी, चीनला. तिथपासून सुरुवात केली की बाकीच्या गोष्टी आपोआप जागच्या जागी बसतात.

वायव्य मार्ग आणि ईशान्य मार्ग म्हणजे नेमके काय?

युरोपातून निघून अमेरिका खंडाच्या डोक्यावरून, म्हणजे ग्रीनलंडच्या पश्चिमेकडून आणि कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांच्या जाळ्यातून पॅसिफिक महासागरात उतरायचे, तो वायव्य मार्ग. नॉर्वेच्या टोकाला वळसा घालून रशियाच्या, सैबेरियाच्या उत्तर किनाऱ्याने पूर्वेकडे जायचे, तो ईशान्य मार्ग. दोन्ही शेवटी बेरिंगच्या सामुद्रधुनीत भेटतात. ईशान्य मार्गाचा मोठा हिस्सा रशिया आज 'उत्तर सागरी मार्ग' या नावाने चालवतो.

पण एवढे उत्तरेतून जायचे कोणाला सुचले, आणि का?

दक्षिणेकडचे दोन्ही दरवाजे बंद होते म्हणून. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी युरोपाबाहेरचे जग आपापसांत वाटून घेतले. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि आफ्रिकेला वळसा घालून येणारी वाट पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडची वाट मॅगेलनने १५२० मध्ये शोधली, ती स्पेनची. मिरी, लवंग, जायफळ, रेशीम हवे असलेल्या इंग्रज आणि डच व्यापाऱ्यांसमोर दोनच पर्याय उरले. पोर्तुगीजांच्या तोफांशी भिडायचे, नाहीतर तिसरी वाट शोधायची.

शिवाय ती तिसरी वाट जवळची दिसत होती. घरात पृथ्वीचा गोल असेल तर लंडनपासून जपानपर्यंत दोरा ताणून बघा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. भूमितीचा हिशेब चोख होता, चूक होती ती पाण्याबद्दलच्या समजुतीत.

तिथे बर्फ असेल हे त्यांना माहीत नव्हते का?

माहीत होते. पण तो किनाऱ्यापुरता असतो आणि पलीकडे मोकळा समुद्र आहे, असा अनेकांचा ठाम विश्वास होता. यामागचा तर्क वेडगळ नव्हता. समुद्रातला जुना बर्फ वितळवला की पाणी पिण्याजोगे निघते, हे खलाशांना अनुभवाने ठाऊक होते. त्यावरून विद्वानांनी ताडले की हा बर्फ नद्यांमधून आलेला असणार, खारे पाणी काही गोठत नाही. दुसरा मुद्दा उन्हाळ्याचा: ध्रुवावर सहा महिने सूर्य मावळतच नाही, मग बर्फ टिकेल कसा?

प्रत्यक्षात समुद्राचे पाणी उणे १.८ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते. गोठताना मीठ बाहेर टाकले जाते आणि वर्षे जातील तसा बर्फ गोडा होत जातो. आणि ध्रुवावरचा सूर्य दिवसभर असला तरी इतका तिरपा असतो, आणि पांढरा बर्फ त्यातले इतके ऊन परत पाठवतो, की उष्णता मुरतच नाही.

नकाशाकार मर्केटरने १५६९ च्या नकाशात ध्रुवावर एक काळा चुंबकीय खडक आणि त्याभोवती चार मोठी बेटे काढली होती. कोणीही तिथे गेलेले नव्हते. तरी 'मोकळ्या ध्रुवीय समुद्राची' कल्पना तीनशे वर्षे मेली नाही. तिचा शेवटचा मोठा बळी म्हणजे अमेरिकेचे 'जेनेट' जहाज. ते १८७९ मध्ये बेरिंग सामुद्रधुनीतून उत्तरेला गेले, बर्फात अडकले आणि जून १८८१ मध्ये चिरडून बुडाले. त्याचे अवशेष १८८४ मध्ये सापडले, तेही ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर! म्हणजे ध्रुवाभोवतीचा बर्फ एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाहतो. यावरून नॉर्वेच्या नान्सेनने उलटा डाव मांडला. बर्फाशी झगडण्याऐवजी त्यातच मुद्दाम अडकायचे. त्यासाठी बांधलेल्या 'फ्राम' जहाजाचा तळ इतका गोलसर होता की बर्फाने आवळले की ते चिरडण्याऐवजी वर उचलले जाई, ओल्या साबणाची वडी मुठीतून निसटते तसे. १८९३ ते १८९६ अशी तीन वर्षे बर्फाबरोबर वाहून 'फ्राम' सुखरूप परत आले.

पहिला मोठा प्रयत्न कोणता?

१५५३ चा. लंडनच्या व्यापाऱ्यांनी प्रत्येकी २५ पौंडांचे भाग काढून ६,००० पौंड उभे केले आणि सर ह्यू विलोबीच्या हाताखाली तीन जहाजे ईशान्येला पाठवली. या मोहिमेतला मला सर्वात बोलका वाटणारा तपशील म्हणजे जहाजाच्या तळाला ठोकलेले शिशाचे पत्रे. कशासाठी? तर आपल्याकडच्या उबदार समुद्रात लाकूड पोखरणारी कीड असते, तिच्यापासून बचाव म्हणून. निघाले होते बर्फाकडे, तयारी होती हिंदी महासागराची.

वादळात जहाजांची ताटातूट झाली. विलोबी दोन जहाजांसह रशियाच्या कोला द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात अडकला आणि साठाहून अधिक माणसांसह तिथेच मेला. पुढच्या वसंतात रशियन कोळ्यांना जहाजे सापडली. थंडीने, उपासमारीने की बंद खोलीत कोळसा जाळल्याने झालेल्या विषारी वायूने ते गेले, यावर अजून वाद चालतो.

तिसऱ्या जहाजावरचा रिचर्ड चान्सलर मात्र पांढऱ्या समुद्रात शिरला, द्विना नदीच्या मुखाशी उतरला आणि तिथून घसरगाडीने मॉस्कोला जाऊन रशियाचा झार इव्हान द टेरिबल याला भेटला. चीन सापडला नाही, रशिया सापडला. १५५५ मध्ये इंग्रजांची मस्कोव्ही कंपनी निघाली. पुढच्या ईस्ट इंडिया कंपनीसारख्या भागभांडवली कंपन्यांचा हा आधीचा नमुना.

गोव्याचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही म्हणून इथे जरा थांबतो.

यान हाउखेन व्हॅन लिन्शोटेन नावाचा डच तरुण १५८३ मध्ये गोव्यात आला. आर्चबिशप व्हिसेंते द फोन्सेका यांच्याकडे तो कारकून होता. गोव्यात तो पाचएक वर्षे राहिला. बाजार, आंबे, फणस, विड्याची पाने, गुजराती आणि कानडी व्यापारी, पोर्तुगीज साहेबांचे थाट, सगळे त्याने टिपून ठेवले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पोर्तुगीजांनी जिवापाड जपलेली सागरी मार्गांची माहिती, वारे, प्रवाह, खडक, बंदरे, हेही उतरवून घेतले. (१५८३ च्या शेवटी गोव्यात चार इंग्रज व्यापारी हेर समजून तुरुंगात पडले होते. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत होते फादर थॉमस स्टीफन्स, मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे. हा प्रसंगही आपल्याला लिन्शोटेनकडून कळतो. गाव लहान होते.)

मायदेशी परतल्यावर या माणसाने काय केले? पोर्तुगीजांची वाट कोणापेक्षाही जास्त माहीत असलेला हा गृहस्थ १५९४ मध्ये निघाला थेट उत्तरेला, ईशान्य मार्ग शोधायला! रशियाच्या उत्तरेला असलेल्या नोवाया झेमल्या बेटांच्या दक्षिणेकडील सामुद्रधुनीतून त्याचे जहाज कारा समुद्रात पोहोचले, समोर मोकळे पाणी दिसले आणि चीन आता हाकेच्या अंतरावर आहे असे समजून मंडळी आनंदात परत फिरली. १५९५ मध्ये विकायचा माल भरून सात जहाजे गेली आणि बर्फाच्या भिंतीसमोर हात हलवत परत आली. लिन्शोटेनने उत्तरेचा नाद सोडला.

त्याची गोव्यातली टिपणे मात्र १५९५-९६ मध्ये छापली गेली आणि ती घेऊन हाउटमन या डच कप्तानाचा ताफा दक्षिणेच्या वाटेने जावाला पोहोचला. ऑगस्ट १५९७ मध्ये त्यातली तीन जहाजे ॲमस्टरडॅमला परतली. पोर्तुगीजांची मक्तेदारी मोडली ती उत्तरेच्या बर्फातून नव्हे, गोव्यातल्या एका कारकुनाच्या वहीतून.

बॅरेंट्सच्या त्या हिवाळ्यात काय घडले?

१५९५ च्या अपयशानंतर डच सरकारने पैसे द्यायचे नाकारले, पण मार्ग सापडल्यास २५,००० गिल्डरचे बक्षीस जाहीर केले. ॲमस्टरडॅमने १५९६ मध्ये दोन जहाजे पाठवली. विलेम बॅरेंट्स वाटाड्या, याकोब व्हॅन हेमस्कर्क कप्तान. वाटेत त्यांना स्पिट्सबर्गेन बेट दिसले. मग दोन्ही जहाजे वेगळी झाली आणि ऑगस्टअखेर बॅरेंट्सचे जहाज नोवाया झेमल्याच्या ईशान्य टोकाशी बर्फात रुतले.

सतरा माणसे. किनाऱ्यावर झाड नाही, पण सैबेरियाच्या नद्यांनी वाहून आणलेले ओंडके पडलेले. त्यांतून आणि जहाजाच्या फळ्यांतून त्यांनी घर उभारले. घर पुरे व्हायच्या आधीच सुतार वारला. बिअर गोठून पिंपे फुटली, घड्याळ गोठून बंद पडले, म्हणून बारा तासांची वाळूची घटिका उलटवत दिवस मोजले. एकदा कोळसा पेटवून दारे-धुरांडी घट्ट बंद केली, तेव्हा सगळे गुदमरून मरता मरता वाचले. फासे लावून कोल्हे पकडायचे, मांस खायचे आणि कातड्याच्या टोप्या करायच्या. २४ जानेवारी १५९७ रोजी त्यांना क्षितिजावर सूर्याची कड दिसली. गणिताप्रमाणे सूर्य यायला अजून दोन आठवडे होते. लोकांनी त्यांना खोटे ठरवले. थंड हवेच्या थरांमुळे प्रकाश वाकून क्षितिजाखालचा सूर्य वर दिसतो, हे नंतर समजले. या दृष्टिभ्रमाला आज नोवाया झेमल्याचेच नाव आहे.

जूनमध्ये जहाज तिथेच सोडून दोन उघड्या होड्यांतून ते निघाले. २० जूनला बॅरेंट्स वारला. बारा जण १ नोव्हेंबर १५९७ रोजी ॲमस्टरडॅमला पोहोचले, कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या घालून. तोवर हाउटमनची जहाजे दक्षिणेकडून येऊन दोनेक महिने झाले होते.

फ्रोबिशरच्या सोन्याचे काय झाले?

मार्टिन फ्रोबिशर १५७६ मध्ये वायव्य मार्ग शोधायला गेला आणि बॅफिन बेटावरून एक काळा दगड घेऊन आला. कोणीतरी म्हणाले, यात सोने आहे. झाले! मार्ग राहिला बाजूला. १५७८ च्या तिसऱ्या फेरीत पंधरा जहाजे गेली आणि हजारावर टन दगड इंग्लंडला आणले. सोने निघाले नाही. मुख्य भांडवलदार मायकेल लॉक दिवाळखोर होऊन तुरुंगात गेला आणि दगड रस्त्याच्या डागडुजीला लागले.

हडसनला त्याच्याच माणसांनी खरोखर समुद्रात सोडून दिले का?

हो. १६१० मध्ये 'डिस्कव्हरी' जहाजाने तो एका प्रचंड उपसागरात शिरला, हाच पॅसिफिक असे मानून दक्षिणेकडे गेला आणि हिवाळ्यात अडकला. वसंतात बर्फ सुटल्यावर त्याला पुढे जायचे होते, माणसांना घरी. जून १६११ मध्ये बंड झाले. हडसन, त्याचा किशोरवयीन मुलगा आणि आणखी सात जण यांना एका होडीत बसवून दोर कापला गेला. पुढे त्यांचा मागमूस नाही. बंडवाल्यांपैकी जे जिवंत परतले त्यांना फाशी झाली नाही. त्या उपसागराची माहिती आता त्यांच्याकडेच होती, हेही एक कारण असावे असे माझे मत.

बॅफिन सुरतेला आला होता, हे खरे आहे?

खरे आहे. १६१६ मध्ये विल्यम बॅफिन आणि रॉबर्ट बायलट (हा हडसनच्या जहाजावरून वाचलेल्यांपैकी एक) त्याच 'डिस्कव्हरी'ने ग्रीनलंडच्या पश्चिमेकडून जवळजवळ ७८ अंश उत्तर अक्षांशापर्यंत गेले. त्या उपसागरातून फुटणाऱ्या तीन सामुद्रधुन्यांना त्यांनी नावे दिली: स्मिथ, जोन्स आणि लँकेस्टर. थॉमस स्मिथ हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर, जेम्स लँकेस्टर हा कंपनीच्या पहिल्या सफरीचा सेनापती. आर्क्टिकच्या नकाशावर ही आपल्या ओळखीच्या कंपनीची माणसे अशी बसलेली आहेत.

त्यातली लँकेस्टर सामुद्रधुनी हाच वायव्य मार्गाचा खरा दरवाजा. बॅफिन दरवाजासमोरून गेला, तो बर्फाने बंद होता, आणि इथून वाट नाही असे त्याने परत जाऊन सांगितले. १६१७ मध्ये त्याने ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली आणि नेहमीच्या दक्षिणेच्या वाटेने सुरतेला आला. तांबडा समुद्र आणि इराणचे आखात यांचे त्याने सर्वेक्षण केले. १६२२ मध्ये होर्मुझजवळच्या केश्म बेटावर पोर्तुगीजांच्या किल्ल्याला वेढा पडला असताना तो मारला गेला.

जॉन डेव्हिसचेही असेच. १५८५ ते १५८७ अशा तीन सफरी उत्तरेत केल्या, ग्रीनलंडजवळच्या सामुद्रधुनीला नाव मिळाले आणि नंतर लँकेस्टरच्या १६०१ च्या ताफ्याचा तो मुख्य वाटाड्या झाला. १६०५ मध्ये सिंगापूरजवळ जपानी चाच्यांनी त्याला मारले. उत्तरेत हरलेली माणसे पूर्वेत आली, पण दक्षिणेकडून.

मग पुढची दोनशे वर्षे काहीच झाले नाही?

झाले, पण व्यापारी उत्साह ओसरला होता. आफ्रिकेच्या टोकाची, केपची वाट आता सगळ्यांना खुली होती, मग बर्फात पैसे कोण घालणार? १६४८ मध्ये कॉसॅक सेमियन देझ्न्योव्ह आशियाच्या ईशान्य टोकाला वळसा घालून गेला, पण त्याचा अहवाल याकुत्स्कच्या दप्तरात पडून राहिला. विटस बेरिंगने १७२८ मध्ये तीच सामुद्रधुनी पुन्हा गाठली आणि नाव त्याचे लागले. ब्रिटिश संसदेने वायव्य मार्गासाठी २०,००० पौंडांचे बक्षीस ठेवले. कॅप्टन कुक १७७८ मध्ये पॅसिफिकच्या बाजूने वर चढला आणि ७० अंशांच्या पुढे बर्फाच्या भिंतीवरून मागे फिरला.

नेपोलियनची युद्धे संपल्यावर ब्रिटिश नौदलाकडे जहाजे भरपूर आणि काम कमी अशी अवस्था झाली. तेव्हा हा शोध नव्याने सुरू झाला, आता व्यापारापेक्षा प्रतिष्ठेसाठी. १८१८ मध्ये जॉन रॉस लँकेस्टर सामुद्रधुनीत शिरला, समोर डोंगररांग दिसली, तिला नौदलाच्या सचिवाचे नाव देऊन तो परतला. पुढच्या वर्षी एडवर्ड पॅरी त्या 'डोंगरां'मधूनच जहाज घेऊन गेला. मृगजळ होते ते. आपण दुरून डोंगर साजरे म्हणतो, रॉसला दुरून डोंगरच दिसले आणि त्याची कारकीर्द त्यांना धडकली.

फ्रँकलिनच्या मोहिमेत नेमके काय चुकले?

मे १८४५ मध्ये सर जॉन फ्रँकलिन 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे घेऊन निघाला. वय ५९. आगगाडीच्या इंजिनांवरून केलेली वाफेची यंत्रे, तीन वर्षांचा शिधा, हजारो डबे, शेकडो पुस्तके. ग्रीनलंडहून पुढे १२९ जण गेले. जुलैअखेर देवमासे मारणाऱ्या जहाजांनी त्यांना पाहिले, ते शेवटचे.

पहिला हिवाळा त्यांनी बीची बेटावर काढला, तिथे तीन कबरी आहेत. सप्टेंबर १८४६ मध्ये किंग विल्यम बेटाच्या वायव्येला जहाजे अडकली. ही जागाच वाईट. ध्रुवाकडचा अनेक वर्षांचा जाड बर्फ तिथल्या खिंडीतून खाली ढकलला जातो आणि काही उन्हाळ्यांत तो सुटतच नाही. बेटाच्या पूर्वेकडून गेले असते तर कदाचित निसटले असते, पण त्या काळच्या नकाशात ते बेट नसून द्वीपकल्प होते. पूर्वेला वाट आहे हेच माहीत नव्हते.

त्यांच्याकडून लेखी असे फार थोडे मिळाले. महत्त्वाचा एक कागद, १८५९ मध्ये दगडांच्या राशीत सापडलेला. त्यावर मे १८४७ मधला मजकूर: सगळे ठीक आहे. आणि त्याच कागदाच्या कडेने, एप्रिल १८४८ मध्ये लिहिलेले: फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारला, एकूण २४ जण गेले, जहाजे सोडली, उरलेले १०५ जण दक्षिणेला नदीकडे चालत निघतो आहोत. त्यातला एकही वाचला नाही.

डब्यांच्या झाळणीतल्या शिशाने विषबाधा झाली, असे बरीच वर्षे सांगितले जात होते. आता एकट्या शिशाला दोषी धरत नाहीत. उपासमार, आजार, थंडी आणि जड सामानाने भरलेल्या होड्या बर्फावरून ओढायचा अट्टहास, हे सगळे मिळून.

तिथे राहणाऱ्या इनुइट लोकांना कोणी विचारले नाही का?

विचारले, आणि त्यांनी सांगितलेही. ऐकायची तयारी नव्हती. १८५४ मध्ये हडसन बे कंपनीच्या डॉ. जॉन रे याला इनुइटांकडून कळले की गोऱ्या माणसांचा एक तांडा उपाशी मेला आणि शेवटी त्यांनी मृत सोबत्यांचे मांस खाल्ले. फ्रँकलिनचे पदकही रेने त्यांच्याकडून विकत घेतले. लंडनमध्ये गहजब झाला. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकात लिहिले की रानटी लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवू नये. पुढे सापडलेल्या हाडांवरच्या सुरीच्या खुणांनी इनुइटांचे म्हणणे खरे ठरवले.

एक जहाज कुठल्या भागात बुडाले हेही त्यांच्या तोंडी परंपरेत होते. 'एरेबस' २०१४ मध्ये त्याच भागात सापडले. 'टेरर' २०१६ मध्ये सापडले ते सॅमी कोग्विक या स्थानिक माणसाने, बर्फातून वर आलेला डोलकाठीसारखा लाकडाचा तुकडा आपण काही वर्षांपूर्वी पाहिला होता, असे सांगितल्यावर. ज्या उपसागरात ते सापडले त्याचे नाव आधीपासून टेरर बे असेच होते!

वायव्य मार्ग शेवटी पार केला कोणी?

फ्रँकलिनला शोधायला निघालेल्या मॅक्ल्युअरच्या माणसांनी १८५० ते १८५४ मध्ये तो पार केला, पण अर्धा जहाजाने आणि अर्धा बर्फावरून चालत. तरी १०,००० पौंड मिळाले.

संपूर्ण मार्ग जहाजाने पार केला तो नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनने. 'ग्योआ' हे ४७ टनांचे, मासेमारीचे जुने जहाज, अमुंडसेन आणि सहा सोबती. घेणेकरी दाराशी आले होते म्हणून जून १९०३ मध्ये भर पावसात मध्यरात्री ते निघाले. किंग विल्यम बेटाच्या पूर्वेकडून गेले आणि तिथल्या एका लहान बंदरात दोन हिवाळे राहिले. फ्रँकलिनची माणसे जिथे उपासमारीने मेली त्याच बेटावर अमुंडसेन नेत्सिलिक इनुइटांकडून कातड्याचे सैल कपडे कसे घालायचे, कुत्र्यांची गाडी कशी हाकायची हे शिकत बसला. हेच शिक्षण त्याला १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर कामी आले. १९०६ मध्ये 'ग्योआ' बेरिंग सामुद्रधुनीतून बाहेर पडले. वाटेत काही ठिकाणी पाणी इतके उथळ होते की मोठ्या मालवाहू जहाजाला त्याचा काही उपयोग नव्हता.

आणि ईशान्य मार्ग?

तो आधीच झाला होता. स्वीडनच्या एडॉल्फ नॉर्डेन्शॉल्डचे 'व्हेगा' जहाज १८७८ च्या उन्हाळ्यात निघाले, सगळे सुरळीत चालले आणि बेरिंग सामुद्रधुनी सुमारे दोनशे किलोमीटरवर असताना २८ सप्टेंबरला गोठून बसले. सुटले १८ जुलै १८७९ रोजी, दोन दिवसांत सामुद्रधुनी पार. एकही माणूस दगावला नाही, म्हणूनच बहुधा यावर कादंबऱ्या निघत नाहीत. 'व्हेगा' जपान, सिलोन असे करत, दहा वर्षांपूर्वीच उघडलेल्या सुएझ कालव्यातून घरी गेले. बर्फाची वाट सापडली आणि घरी यायला कालवा वापरला!

लोकमान्य टिळकांच्या आर्क्टिकवरच्या ग्रंथाचा याच्याशी संबंध आहे का?

जहाजांशी नाही. १८९७-९८ च्या तुरुंगवासात मॅक्स म्युलरने पाठवलेला ऋग्वेद वाचताना टिळकांना सुचलेला हा सिद्धान्त: दीर्घ उषा आणि दीर्घ रात्री यांची वर्णने ध्रुवीय प्रदेशाची असावीत. ग्रंथ १९०३ मध्ये आला, अमुंडसेन निघाला त्याच वर्षी. अभ्यासकांनी पुढे तो सिद्धान्त स्वीकारला नाही, पण ध्रुवीय दिवस-रात्रीची बारीक चर्चा पुण्यात बसून एवढ्या तपशिलाने झाली, हे विशेष.

दक्षिण ध्रुवाकडे असा व्यापारी मार्ग का शोधला नाही?

अंटार्क्टिका हा मधोमध बसलेला खंड आहे, पलीकडे जायचे काही नाही. तरी दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी एक व्यापारी पळवाट शोधली गेली. डच ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मॅगेलनच्या सामुद्रधुनीला लागू होती, म्हणून स्काउटेन आणि ल मेअर या दोघा डचांनी जानेवारी १६१६ मध्ये आणखी दक्षिणेकडून, केप हॉर्नला वळसा घालून नवी वाट काढली. जावाला पोहोचताच कंपनीने त्यांचे जहाज जप्त केले.

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. डॉ. एस. झेड. कासिम नेते, २१ सदस्य, नॉर्वेचे भाड्याचे जहाज, ९ जानेवारी १९८२ ला पाऊल टेकले. ध्रुवीय संशोधनाची आपली राष्ट्रीय संस्था आज गोव्यातच आहे, वास्को-द-गामा या गावात.

आज या मार्गांनी मालाची ने-आण होते का?

रशियाच्या बाजूने होते. अणुशक्तीवर चालणारे आइसब्रेकर (बर्फ फोडणारी जहाजे) पुढे आणि मालवाहू जहाजे मागे, अशी तिथली पद्धत. २०२४ मध्ये त्या मार्गाने सुमारे ३८ दशलक्ष टन माल गेला, पण त्यातला बहुतेक रशियाचाच खनिज तेल, द्रवरूप वायू असा माल. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाणारा हिस्सा लहान आहे. सुएझमधून चांगल्या वर्षी शंभर कोटी टनांहून जास्त माल जातो, एवढी तुलना पुरे.

कॅनडाच्या बाजूने रहदारी फारच कमी. २०१३ मध्ये 'नॉर्डिक ओरायन' कोळसा घेऊन व्हँकुव्हरहून फिनलंडला गेले, ती बातमी झाली हेच सांगते की असे रोज घडत नाही. शिवाय वाद आहेच: कॅनडा म्हणतो हे आमचे अंतर्गत पाणी, अमेरिका म्हणते आंतरराष्ट्रीय सामुद्रधुनी.

बर्फ कमी होतो आहे, म्हणजे वाट सोपी झाली असे नाही. सुटलेले तुकडे कुठे वाहतील सांगता येत नाही, बंदरे नाहीत, मदत शेकडो किलोमीटरवर, विम्याचा हप्ता चढा.

मुंबईहून युरोपला माल पाठवायला उत्तरेची वाट स्वस्त पडेल का?

नाही. रॉटरडॅम ते योकोहामा हे अंतर सुएझमार्गे सुमारे २० हजार किलोमीटर आणि रशियाच्या उत्तरेने सुमारे १३ हजार, म्हणून जपान, कोरिया, उत्तर चीन यांना तिचे आकर्षण. मुंबई ते रॉटरडॅम सुएझमार्गे १२ हजारांच्या आत-बाहेर. उत्तरेने जायचे तर योकोहामापर्यंतच सुमारे १० हजार किलोमीटर उलटे जावे लागेल. हिंदुस्थानला पोहोचण्यासाठी ज्या वाटेवर एवढी माणसे गेली, ती हिंदुस्थानच्या काहीच कामाची नाही.

यातले आज काय पाहायला मिळते?

'फ्राम' आणि 'ग्योआ' ही दोन्ही जहाजे ऑस्लोच्या संग्रहालयात आहेत, 'फ्राम'च्या पोटात शिरून फिरता येते. फ्रँकलिनच्या शोधात सोडून दिलेले 'रेझोल्यूट' जहाज वाहत गेले, अमेरिकन लोकांनी ते दुरुस्त करून ब्रिटनला परत दिले, आणि पुढे मोडीत निघाल्यावर त्याच्या लाकडाचे जे टेबल राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेला भेट दिले, ते व्हाइट हाउसमध्ये आहे.

मला स्वतःला सगळ्यात भिडतो तो ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममधला बॅरेंट्सच्या घरातला ऐवज. १८७१ मध्ये नॉर्वेच्या एका कप्तानाला ते घर सापडले, आत भांडी, घड्याळ, पुस्तके होती तशीच. शिवाय कागदाचा एक गोठलेला गठ्ठा निघाला. तज्ज्ञांनी तो थर थर करून सोडवला, तेव्हा त्यातून छापील चित्रे बाहेर आली, एकाच चित्राच्या अनेक प्रती. चीनच्या बाजारात विकायला नेलेला माल होता तो.